कापलेली चौदा मिनिटं

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तीन नातवंडांची आजी आहे, आणि तरीही मला ‘मिस मा’ म्हणून हाक मारणारा एक माणूस या जगात शिल्लक आहे. मा हे माझं आडनाव, आणि तो माणूस म्हणजे योम गी-बेक, सिनेमाचे दिग्दर्शक, वय अठ्ठ्याऐंशी. चुंगमुरो या सिनेमाच्या जुन्या पेठेतल्या आमच्या गल्लीत आता सिनेमावाल्याचं एकही ऑफिस उरलं नाही, सगळीकडे छपाईवाले बसलेत. पण डायरेक्टरसाहेब अजून दर मंगळवारी शिकारी टोपी घालून माझ्या दुकानात येतात, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात आणि आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडतात, “मिस मा! एक वाडगा! शिंपल्या जास्त टाक!”

दुकान सुरीनं कापलेल्या शेवयांचं आहे. पूर्वी मी त्यांच्यासाठी फिल्म कापायची, आता शेवया कापते. शेवया बऱ्या. कापल्यावर कोणी विचारत नाही, का कापल्या म्हणून.

साहेबांनी अकरा वर्षांत एक्केचाळीस सिनेमे काढले. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा हा व्यासंग! व्यासंग कसला, त्या काळी कायदाच तसा होता. देशी सिनेमे काढले की निर्मात्याला परदेशी सिनेमा आणायचा परवाना मिळायचा, आणि पैसा सगळा त्या परदेशी सिनेमात. देशी सिनेमा म्हणजे परवान्याच्या अर्जाला लावायचा कागद. तो कोणी बघितला नाही तरी चालायचं, निघायला मात्र हवा. साहेब एका वेळी तीन-तीन काढायचे. सकाळी गुप्तहेर, दुपारी सावत्र आई, संध्याकाळी तलवारबाज. हीरोईन तिन्हींत एकच. एकदा ती बिचारी सावत्र आईच्या वेशात उभी राहिली आणि गुप्तहेराचे संवाद म्हणाली. साहेबांना पत्ता नाही. मला कापायच्या टेबलावर कळलं, म्हणून निभावलं.

या एक्केचाळीसांत आज फक्त सहा शिल्लक आहेत. बाकीच्यांच्या टोप्या झाल्या. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. सिनेमा उतरला की प्रिंटा भंगारवाल्याकडे जायच्या आणि तिथून टोपीवाल्यांकडे. शेतात घालायच्या गवती टोपीला कडेनं जी चकचकीत पट्टी असायची, ती फिल्मची. आमच्या सगळ्या नटनट्या शेवटी शेतकऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसल्या. सिनेमात एवढं कोणी त्यांना डोक्यावर घेतलं नव्हतं.

उरलेल्या सहांतला एक म्हणजे ‘मिठागरातली विधवा’, साल एकोणीसशे बहात्तर. आमच्याकडे सिनेमा शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तराला याचा शेवट तोंडपाठ आहे. विधवा मिठागरात घोटाभर पाण्यात उभी आहे, हातात लाकडी दाताळं. लांबून जीपचा आवाज येतो. ती मान वळवते, दाताळं वर उचलते, आणि पडदा काळा. संपला सिनेमा. पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं रीळ तुटलं. त्यांनी प्रोजेक्टरवाल्याच्या नावानं शिमगा केला. मग एका समीक्षकानं लिहिलं की हा काळोख म्हणजे आपल्या काळाचा चेहरा आहे. मग लोक काळ्या पडद्यासमोर गुपचूप बसून राहायला लागले.

हा शेवट साहेबांचा नव्हता. साहेबांनी पुढे आणखी चौदा मिनिटं घेतली होती, ती सेन्सॉरनं कापली, असं सगळ्यांना माहीत होतं. तोंड उघडायची सोय नव्हती तोवर साहेब गप्प होते. सत्त्याऐंशीत हुकूमशाही गेली, सोय झाली, आणि साहेब बोलायला लागले. पहिल्या मुलाखतीत कापलेल्या भागात वीस मजूर दाताळी घेऊन जीपसमोर उभे राहिले. पाच वर्षांनी दोनशे झाले. सरकारनं पदक दिलं त्या वर्षी हजार मजूर, अश्रुधूर आणि एक गोळीबार होता. मी टीव्ही बघत होते. चौदा मिनिटांत त्यांनी एवढं बसवलं होतं की शूटिंगला तीन वर्षं आणि अख्खी पलटण लागली असती.

आता खरं सांगते. ती चौदा मिनिटं मी कापली.

बहात्तर साली शरदातल्या सणाच्या आदल्या रविवारी सगळे पुरुष आपापल्या गावी गेले होते, वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढायला. साहेबही विळा घेऊन गेले. संकलन खात्यात मी एकटी, चोवीस वर्षांची. दुपारी निर्माते कूसाहेब धापा टाकत आले. “मिस मा, थिएटरवाले म्हणतात सणाला दिवसाचे सहा खेळ बसले पाहिजेत. चौदा मिनिटं जास्त होतायत. काढ.”

“कुठून काढू?”

“कुठूनही काढ. मी काय सिनेमा बघितलाय?”

“डायरेक्टरसाहेब आल्यावर काय सांगू?”

“तू काही सांगू नकोस. मी सांगेन सेन्सॉरनं कापलं. सेन्सॉरशी कोण भांडायला जातंय?”

कोणीही शहाण्या बाईनं मधूनमधून थोडं थोडं काढलं असतं. मी शेवट धरला. कारण त्या चौदा मिनिटांत काय होतं ते मला माहीत होतं. जीप येते, तीतून जिल्हाधिकारी उतरतो, विधवेला सांगतो की सरकार इथे बांध घालणार, नवं गाव वसवणार. विधवा त्याच्या पाया पडते, सगळे मजूर गाणं म्हणतात. मजूर मोजून अकरा होते, गोळीबार नव्हता. कूसाहेबांना ‘उत्तम सिनेमा’चा शिक्का हवा होता, त्यावर एक जादा परवाना मिळायचा, आणि साहेबांनी मागितलं तसं शिजवून दिलं होतं.

मी पश्चिम किनाऱ्यावरची. माझी आई मिठागरात दाताळं ओढायची. आमच्याकडेही जीप आली होती, मी नऊ वर्षांची होते. तीतून उतरलेल्या माणसानं कागद वाचला आणि मिठागर आमचं राहिलं नाही. आई त्याच्या पाया पडली नाही. नुसती उभी राहिली, हातातलं दाताळं खाली ठेवायचंसुद्धा तिला सुचलं नाही. पडद्यावरची ती बाई त्या माणसाच्या पायाशी वाकलेली मला दहा वेळा बघावी लागली होती. त्या रविवारी मी निगेटिव्ह कापली, सहा प्रिंटा कापल्या, आणि कापलेलं सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. घरी गेले आणि पोटभर जेवले.

पुढे जे झालं त्याला मी काय करणार? साहेब महान झाले. मी तोंड मिटून बसले. आधी नोकरीच्या भीतीनं, मग त्यांच्या अब्रूसाठी. लग्न झालं, नवरा वारला, दुकान काढलं. आणि सिनेमाच्या पुस्तकांत शेवटच्या त्या काळ्या पडद्यावर पानंच्या पानं लिहून आली, त्यांत एकाही पानावर मा सुन-दॉक हे नाव नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं होतं.

गेल्या सप्टेंबरात सिनेमा संग्रहालयातली एक मुलगी दुकानात आली. छे युन-सुल, डॉक्टरेट झालेली, साहेबांच्या सन्मानाचा कार्यक्रम तिच्याकडे होता. शेवया तशाच निवत ठेवून तिनं पिशवीतून एक जुनी फाइल काढली.

“आजी, तुम्ही ‘मिठागरातली विधवा’च्या संकलनाला होतात ना? ही सेन्सॉरची फाइल. काल सापडली.”

“मग?”

“बघा ना. काटछाट, नाही. एक फूटसुद्धा नाही. आणि खाली शेरा, ‘शेवट विशेष स्तुत्य.’” ती रडकुंडीला आली होती. “सोबत पूर्ण पटकथा आहे. जिल्हाधिकारी, बांध, गाणं... आजी, माझा प्रबंध आहे हो यावर. चारशे पानं. ‘सेन्सॉरनं गिळलेला उठाव.’”

मला हसू आलं ते मी खोकल्यात लपवलं. “शेवया खा आधी. गिळगिळीत होतील.”

“मग कापलं कोणी?”

पन्नास वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. पण साहेबांना न सांगता कसं बोलणार? “कार्यक्रमात विचार,” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर विचार. मी येईन.”

मंगळवारी साहेब आले. मी वाडगा समोर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फाइल सापडली, शेरा असा आहे, पोरगी भर कार्यक्रमात विचारणार आहे. मी कापलं हे मात्र सांगितलं नाही, तेवढं धैर्य होईना. साहेबांनी सावकाश रस्सा प्यायला, एकेक शिंपली उघडून खाल्ली.

“शिंपल्या कमी आहेत आज,” ते म्हणाले.

“साहेब, मी काय सांगतेय तुम्हाला!”

“ऐकलं. बहिरा झालो तरी तुझा आवाज ऐकू येतो.” त्यांनी टोपी घातली. “त्या दिवशी तू पुढच्या रांगेत बस, मिस मा. आणि जरा बरे कपडे घाल.”

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मी बरे कपडे घातले. थोरल्या सुनेची मोत्यांची माळही घातली. म्हटलं, आज नाव निघणार आहे आपलं, मग ते साहेबांचं नाक कापून निघो नाहीतर कसंही. इतकी मी स्वार्थी झाले होते. तीनशे खुर्च्या भरल्या होत्या. साहेब स्टेजवर आले ते उन्हाळा सरलेला असताना गवती टोपी घालून. जुनाट, कड उसवलेली. लोक हसले. थोर माणसाचा विक्षिप्तपणा लोकांना आवडतोच.

सिनेमा झाला. पडदा काळा झाला, आणि तीनशे माणसं श्वास रोखून बसली. मग दिवे लागले. युन-सुलनं फाइलमधलं वाचून दाखवलं आणि विचारलं, “साहेब, सेन्सॉरनं काही कापलंच नव्हतं. मग तो शेवट गेला कुठे?”

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्या शेवटात उठाव-बिठाव काही नव्हता,” ते म्हणाले. “एक जिल्हाधिकारी होता. बाई त्याच्या पाया पडत होती. मी ते परवान्यासाठी घेतलं होतं. फार वाईट घेतलं होतं. मी गावी गवत काढायला गेलो, आणि माझ्या मागे ते या बाईंनी कापलं.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मा सुन-दॉक. त्या वेळी चोवीस वर्षांची पोरगी होती. सेन्सॉरनं कापलं असं मला सांगण्यात आलं, आणि मी विश्वास ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या बाजारात ही टोपी घेतली. पट्टी उन्हात धरली, तर आत माझाच जिल्हाधिकारी, तोंड उघडून भाषण करतोय. सेन्सॉर कापलेली फिल्म कपाटात कुलूप लावून ठेवायचा, टोपीवाल्याला विकत नव्हता. तेव्हाच मला कळलं, कारण त्या रविवारी खात्यात ही एकटीच होती. तुम्ही आत्ता ज्यासाठी श्वास धरून बसला होतात ना, ते माझं नाही. ते हिचं आहे.”

एवढी वर्षं हा माणूस सगळं जाणून होता आणि दर मंगळवारी शिंपल्या मागत होता!

युन-सुल टोपी घेऊन दिव्याखाली गेली, पट्टी उजेडात धरली. पण उन्हाळ्यामागून उन्हाळे ती टोपी शेतात वापरलेली, आणि त्या काळची रंगीत फिल्म. पट्टी नुसती फिकट गुलाबी झाली होती. चित्र नाही, काही नाही. ती हलकेच म्हणाली, “यात तर काहीच दिसत नाही.”

मग मागून एक प्राध्यापक उठले, आवाज भरून आलेला. “आज आपण काय ऐकलं, लक्षात घ्या. एवढा मोठा कलावंत आपलं सर्वोत्तम काम एका साध्या कापणाऱ्या मुलीच्या पदरात टाकतो! आणि कशाच्या रूपात? शेतकऱ्याच्या टोपीच्या! ज्या टोपीत काहीच दिसत नाही! साहेब, आपण हयातभर विनयच शिकवलात.”

टाळ्या. लोक उभे राहिले. साहेब हात हलवत ओरडत होते, “अहो, रूपक नाही हो, टोपी आहे ही!” त्यावर आणखी टाळ्या. कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी म्हणाले, “साहेब खरं बोलतायत. मी कापलं. निगेटिव्हपासून सगळं मी कापलं.” पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, “बघ, अजून किती निष्ठा आहे!” युन-सुलच्या तोंडावर रंग परत आला होता. चारशे पानं बचावली होती. तिला दोष देत नाही. चारशे पानं म्हणजे आयुष्यच.

बाहेर पायऱ्यांवर साहेब टॅक्सीची वाट बघत उभे होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. “पन्नास वर्षं माहीत होतं तर बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस?”

“तुमची अब्रू जाईल म्हणून!”

“मी तुझी नोकरी जाईल म्हणून.”

“नोकरी सुटून चाळीस वर्षं झाली माझी!”

“तोवर थोरपणाची सवय लागली, मिस मा.” ते खाली पायऱ्यांकडे बघत होते. “वाईट खोड आहे. सुटत नाही. आज सोडून बघितली, तर तेही थोरपणातच जमा झालं.” मग ती टोपी त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली, आणि जुन्या दिवसांत रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग, बघून झाल्यावर विचारायचे तशा सुरात विचारलं, “खरं जरा लांबलं, नाही का? मधूनमधून कापायला हवं होतं.”

टॅक्सी आली, ते गेले. मला राग आला होता, खूप आला होता, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. एवढ्या लोकांसमोर माझं नाव घेतलं त्यांनी, खणखणीत आवाजात, आणि तिथे ते कोणाच्याही कानात गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. दुपारी उन्हात टोपी घेऊन बसले. पट्टीची दोन टोकं एकावर एक आणून वरून कापडी नाडी बांधलेली होती, पक्की निरगाठ. नखानं सुटेना, शेवटी सुईनं सोडली. नाडीखाली तीन चौकटी निघाल्या, ऊन न लागलेल्या, रंग शाबूत. त्यांत निळा कोट, मागे जीपचा टप आणि उघडं तोंड. जिल्हाधिकारी. पायाशी पांढऱ्या कापडाचा एक तुकडा दिसत होता, तो त्या वाकलेल्या बाईच्या पाठीचा. चौकटीच्या कडेला माझ्या हातची पिवळ्या मेणखडूची खूण, काढून टाकायच्या भागावर मी मारायची तशी.

पुरावा माझ्या हातात होता. फोन शेजारी होता. युन-सुलला बोलवायचं, दाखवायचं, की बघ. मग पुस्तकात नाव, फोटो, सुनेच्या माळेसकट. आणि मग ते या तीन चौकटी मोठ्या करून भिंतीवर लावणार, सिनेमा दाखवला की सोबत त्याही दाखवणार. मी कापलं हे सिद्ध करायला मी काय कापलं ते दाखवावं लागणार. म्हणजे तो माणूस पुन्हा मिठागरात येऊन उभा राहणार, आणि ती बाई पुन्हा त्याच्या पायाशी. एवढ्या खटपटीनं एकदा घालवला होता त्याला. मी फोन उचलला नाही.

मंगळवारी साहेबांच्या आधीच युन-सुल आली. शेवया मागवल्या आणि मग बिचकत म्हणाली, “आजी, साहेबांची ती टोपी... साहेब म्हणाले, तुमच्याकडे आहे. संग्रहालयाला द्याल का? काचेच्या कपाटात ठेवू आम्ही. खाली पाटी लावू. ‘दिग्दर्शक योम गी-बेक यांची टोपी.’”

“पाटीवर माझं नाव?”

ती गोंधळली. “देणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात असतं, आजी. ते नक्की टाकू.”

“टाक,” मी म्हटलं, “बारीक अक्षरातच टाक.”

आत जाऊन टोपी आणली. तीन चौकटी होत्या तिथेच होत्या, त्यांच्यावर नाडी बांधलेली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि वाकून नमस्कार करून गेली. आधी होती ती निरगाठ होती. मी बांधताना सुरगाठ मारली होती, ओढलं की सुटेल असं एक टोक बाहेर सोडून.